विश्लेषण : बाळ की गाणे? ‘टू झायन’पासून विठाबाईंपर्यंत एकच प्रश्न, रिकाम्या महिन्यांचे मानधन कोण देणार?

अमेरिकेतील एका गायिकेने २२व्या वर्षी आई होण्याचा निर्णय घेतला आणि त्यावर गाणे केले. त्या गाण्याला पाव शतक उलटून गेले. आपल्याकडे मात्र सुपारीवर गाणाऱ्या, नाचणाऱ्या स्त्रीसाठी हा प्रश्न अजून तसाच आहे. कायदा काय सांगतो? तमाशा कलावंत, ऑर्केस्ट्रातील गायिका आणि नव्याने रॅप करणाऱ्या मुली त्यात बसतात का?

गारगोटी : जत्रांचा हंगाम जवळ आला, की भुदरगड तालुक्यातल्या गावोगावी यात्रा कमिटीच्या बैठका सुरू होतात. यंदा तमाशा आणायचा की ऑर्केस्ट्रा, सुपारी किती, लावणीला कोण, गायिका कोण, अशी चर्चा रंगते. येणाऱ्या कलावंतांपैकी किती जणींचे मूल अजून अंगावर पिते, किती जणींना दिवस गेले आहेत, हे कोणी विचारत नाही. विचारायचे कारणही नसते. सुपारी कार्यक्रमाची असते, कलावंताच्या घरची नसते.

आता त्यात रॅपची भर पडली आहे. तालुक्याच्या गावातली मुलेही मोबाइलवर बीट लावून रॅप करतात, रील टाकतात. त्यात मुली कमी आहेत, पण आहेत. आज अठरा-वीस वर्षांच्या असलेल्या या मुलींपुढे आणखी काही वर्षांनी जो प्रश्न येणार आहे, त्यावर हिप हॉपमधले सर्वात गाजलेले गाणे १९९८ मध्ये आले. तिथून सुरुवात करू.

‘टू झायन’ हे गाणे नेमके काय आहे?

लॉरिन हिल ही अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातली गायिका आणि रॅपर. जन्म १९७५ चा. ‘फ्यूजीज’ या तिघांच्या चमूतून ती पुढे आली. त्यांचा ‘द स्कोर’ हा १९९६ चा अल्बम जगभरात एक कोटीहून अधिक खपला आणि १९९७ मध्ये त्याला दोन ग्रॅमी मिळाले. ऐन त्याच सुमारास लॉरिनला दिवस गेले. मुलाचे वडील रोहन मार्ली, म्हणजे रेगे संगीताचा बादशहा बॉब मार्लीचा मुलगा. ऑगस्ट १९९७ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव झायन.

वर्षभराने, ऑगस्ट १९९८ मध्ये तिचा पहिला एकल अल्बम आला, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’. ‘टू झायन’ हे त्यातले मुलाला उद्देशून केलेले गाणे. गिटार आहे कार्लोस सँटाना यांची. गाण्याचा आशय साधा आहे. भोवतालच्या लोकांनी तिला कारकीर्दीचा विचार कर, डोक्याने निर्णय घे असे सुचवले. तिने मनाचे ऐकले, मूल ठेवले आणि त्या निर्णयाचा आनंद ती गाते.

यात नवे काय होते? तोवर रॅपमध्ये आईवरची गाणी असत, पण ती बहुतेक मुलाने आईविषयी केलेली. इथे आई स्वतः बोलत होती, तेही मूल आणि धंदा यांतली निवड उघडपणे मांडत. विशीतल्या, अविवाहित, यशाच्या टोकावर असलेल्या मुलीने ‘मी हे ठरवून केले’ असे सांगणे त्या बाजारात नवीन होते.

मूल झाल्याने कारकीर्द थांबली का?

लगेच तरी नाही. अल्बम पहिल्याच आठवड्यात अमेरिकेत चार लाखांहून अधिक खपला आणि यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. फेब्रुवारी १९९९ च्या ग्रॅमी सोहळ्यात लॉरिनला १० नामांकने आणि पाच पुरस्कार मिळाले. हिप हॉप अल्बमला ‘वर्षातील सर्वोत्तम अल्बम’चा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. तोवर तिचे दुसरे मूलही झाले होते.

पुढची गोष्ट मात्र सरळ नाही. अल्बमच्या श्रेयावरून सहकारी संगीतकारांनी दावा केला, तो २००१ मध्ये आपसात मिटला. २००२ मध्ये थेट सादरीकरणाचा एक अल्बम आला. पण स्टुडिओतला दुसरा एकल अल्बम तिने केला नाही. कर विवरणपत्रे न भरल्याबद्दल २०१३ मध्ये तिला तीन महिन्यांचा तुरुंगवासही झाला. या सगळ्याचे खापर मातृत्वावर फोडणे चुकीचे ठरेल. त्यामागे संगीत कंपन्या, प्रसिद्धीचा ताण, पैशांचे व्यवहार असे बरेच काही होते. तसेच ‘सगळे साधले’ अशी गोड गोष्टही ही नाही. अल्बमची किंमत मात्र घटली नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात घेतला, तर २०२४ मध्ये ॲपल म्युझिकने आपल्या १०० सर्वोत्तम अल्बमच्या यादीत त्याला पहिला क्रमांक दिला.

मग ही ‘निवड’ तिला परवडली कशी?

गाण्याच्या कौतुकात हा मुद्दा सुटतो. लॉरिनला दिवस गेले तेव्हा ‘द स्कोर’च्या प्रती विकल्या जात होत्या. ती घरी बसली, तरी रेकॉर्ड दुकानात होती, रेडिओवर वाजत होती. म्हणजे शरीर विश्रांती घेत असताना आधी केलेले काम पैसे आणत होते.

वीस वर्षांनी कार्डी बी या रॅपरबाबतही तेच दिसले. एप्रिल २०१८ मध्ये तिने गरोदर असल्याचे टीव्हीवर जाहीर केले, त्याच महिन्यात कोचेला महोत्सवात पोट घेऊन नाचली. जुलैमध्ये मुलगी झाली आणि शरीर अजून सावरलेले नाही असे सांगून तिने ब्रुनो मार्ससोबतच्या दौऱ्यातून माघार घेतली. दौरा सोडला तरी तिचा अल्बम बाजारात होता. २०१९ मध्ये त्याला सर्वोत्तम रॅप अल्बमचा ग्रॅमी मिळाला.

ज्याची कमाई रेकॉर्डवर आहे, तो कलावंत काही महिने थांबू शकतो. ज्याची कमाई रोजच्या सुपारीवर आहे, त्याने थांबणे म्हणजे चूल थांबणे.

हे गाणे गर्भपाताच्या विरोधात आहे का?

अमेरिकेत काहींनी तसा अर्थ लावला. पण गाण्यात लॉरिन स्वतःच्या निर्णयाविषयी बोलते, इतर स्त्रियांनी काय करावे हे सांगत नाही. आणि मूल ठेवण्याच्या निर्णयाला ‘निवड’ म्हणायचे, तर दुसरा मार्गही खुला असावा लागतो. भारतात १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने काही अटींवर तो खुला केला. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, तर सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. मूल नको असणाऱ्या स्त्रीसाठी कायदा आहे. मूलही हवे आणि कामही हवे म्हणणाऱ्या कलावंत स्त्रीसाठी काय आहे, हा आपला आजचा प्रश्न.

मराठीत आईची बाजू कोणी गायली?

शाळेत पाठ केलेल्या आईवरच्या कविता आठवून पाहा. कवी यशवंत, माधव जूलियन ही नावे पटकन येतील. दोन्ही कविता लेकरांनी आईसाठी लिहिलेल्या आहेत. आईने स्वतः गायलेले शोधायचे, तर जात्यापाशी जावे लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या; आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. त्यांत लेक, बाळंतपण, सासर, कष्ट सगळे आहे. पण दळणे हे काम होते आणि ओवी त्या कामासोबत यायची. ओवीला मानधन नव्हते.

गाणे हेच ज्यांचे पोट होते, त्या मराठी स्त्रिया होत्या तमाशात. आणि तिथे या विषयावरची सर्वात मोठी खरी गोष्ट आहे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची.

विठाबाईंसमोर कोणता पर्याय होता?

विठाबाईंचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी नावारूपाला आणला. विठाबाई लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० असे दोनदा त्यांना राष्ट्रपती पदक मिळाले. १९६२ च्या चीन युद्धाच्या काळात सीमेवरच्या जवानांसमोरही त्यांनी कार्यक्रम केले.

त्यांच्या बाळंतपणाची हकिकत तमाशाच्या जगात आजही सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. खेळ चालू असताना कळा सुरू झाल्या. त्या आत गेल्या, मूल झाले, दगडाने नाळ तोडली आणि पदर खोचून पुन्हा बोर्डावर यायला निघाल्या. पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांच्या लक्षात आले, तेव्हा लोकांनीच हात जोडून खेळ थांबवला, असे सांगतात.

ही हकिकत आपण नेहमी कलेवरच्या निष्ठेची गोष्ट म्हणून ऐकतो. ती निष्ठा होतीच. पण तिला दुसरी बाजूही आहे. तिकिटे विकली गेली होती. खेळ मोडला, तर फडावरची सगळी माणसे त्या दिवशी उपाशी राहणार होती. कुटुंबाचा फड असल्यामुळे मालकीणही त्याच आणि मजूरही त्याच. लॉरिन हिलपुढे दोन वाटा होत्या, त्यांतली एक तिने निवडली. विठाबाईंपुढे त्या रात्री दुसरी वाट कोणती होती? खेळ थांबवला तो प्रेक्षकांच्या दयेने, हक्काने नव्हे.

१५ जानेवारी २००२ रोजी विठाबाई गेल्या. अखेरच्या आजारपणात उपचाराचा खर्चही लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील जीवनगौरव पुरस्कार देते. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनीही स्वतःचा फड नावारूपाला आणला. म्हणजे मूल आणि कला दोन्ही टिकले, पण ते टिकवण्याचा सगळा भार एकट्या आईवर पडला.

आशा भोसले यांचे उदाहरण वेगळे कसे?

आशाताईंचा कोल्हापूरशी जुना संबंध. मास्टर विनायक यांच्या प्रफुल्ल पिक्चर्स या कोल्हापूरच्या संस्थेच्या ‘माझं बाळ’ या १९४३ च्या चित्रपटात त्या पहिल्यांदा गायल्या. पुढे सोळाव्या वर्षी लग्न झाले. दोन मुले पदरात आणि तिसरे पोटात असताना १९६० च्या सुमारास त्या सासरचे घर सोडून माहेरी आल्या. तीन मुले वाढवत त्या गात राहिल्या.

त्यांच्या जिद्दीबद्दल बोलावे तेवढे थोडे. तरी कामाची रचनाही पाहायला हवी. पार्श्वगायिकेला लोकांसमोर उभे राहावे लागत नाही. ध्वनिमुद्रण दिवसाचे काही तास चालते. मुक्काम रोज बदलत नाही, मूल घरी ठेवता येते आणि घरी सांभाळणारे माणूस होते. फडातल्या बाईला यातले काहीच नसते. दसऱ्यानंतर फड बाहेर पडतो, तो वैशाखातल्या जत्रा संपेपर्यंत गावोगाव फिरतो. रात्री खेळ, पहाटे सामान गाडीत, दिवसा प्रवास. तान्हे मूल असेल, तर ते कनातीच्या मागे झोपते.

कायदा काय सांगतो?

मातृत्व लाभ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी भरपगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. तिसऱ्यापासून १२ आठवडे. अट अशी, की प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या आस्थापनेत किमान ८० दिवस काम झालेले असावे.

फारसे माहीत नसलेला भाग पुढे आहे. या कायद्यात कारखाने, खाणी, मळे यांच्या जोडीला घोड्यांच्या कसरती, शारीरिक कसरती आणि ‘इतर प्रयोग’ सादर करण्यासाठी माणसे नेमणाऱ्या आस्थापनांचा स्वतंत्र उल्लेख होता. सर्कशीतल्या स्त्रियांना लाभ मिळावा म्हणून १९७३ मध्ये ही भर घातली गेली. म्हणजे प्रयोग करणारी स्त्रीही कामगार आहे आणि तिलाही बाळंतपणाची रजा हवी, हे संसदेने ५० वर्षांपूर्वीच मान्य केले होते. आता हा कायदा सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. त्यातही १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना मातृत्व लाभ बंधनकारक आहे. मोठ्या तमाशा फडात किंवा ऑर्केस्ट्रात दहापेक्षा जास्त माणसे सहज असतात.

मग फडातल्या कलावंताला रजा का मिळत नाही?

कारण कायद्याला कागद लागतो आणि फड चालतो उचलीवर. हंगामाआधी कलावंत मालकाकडून उचल घेतो आणि हंगामभर काम करून ती फेडतो. हजेरीपत्रक नाही, पगाराची पावती नाही. ८० दिवस भरले हे दाखवायचे कशाने? उलट हंगामात दिवस गेले, तर उचल अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच फडात काम करणे भाग पडते.

मालकाची बाजूही समजून घ्यावी लागेल. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, जवळपास अख्खा हंगाम. पाऊस, निवडणुकीची आचारसंहिता, परवानगी अशा कोणत्याही कारणाने खेळ रद्द झाला, तर फडमालक स्वतःच कर्जात जातो. दोन-तीन कलावंतांच्या रजेचा पगार एकट्या मालकाने द्यायचा म्हटले, तर तो बाळंतपणाच्या वयाच्या बायका घेणेच टाळेल. मोठ्या कंपन्यांबाबतही याच भीतीची चर्चा २०१७ नंतर झाली. म्हणून हा खर्च एकट्या मालकावर न टाकता सामाजिक निधीतून उचलण्याची गरज आहे.

एकटीने गाणाऱ्या मुलीचे काय?

तिची स्थिती आणखी अवघड. रॅपर, ऑर्केस्ट्रात बोलावणे आल्यावर जाणारी गायिका, लग्नात गाणारी मुलगी, या कोणाच्याच कर्मचारी नाहीत. रजा देणारा मालकच नाही. त्यांच्यासाठी आज हाताशी असलेली मुख्य योजना म्हणजे प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पात्र महिलेला पहिल्या अपत्यासाठी दोन हप्त्यांत पाच हजार रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी झाल्यास एकरकमी सहा हजार. बुडालेल्या मजुरीची अंशतः भरपाई, हाच या योजनेचा एक हेतू आहे.

हिशेब करून पाहू. एखादी गायिका महिन्याला आठ कार्यक्रम करते आणि प्रत्येकी तीन हजार रुपये घेते असे समजा. महिन्याचे झाले २४ हजार. सहा महिने काम बंद, म्हणजे एक लाख ४४ हजार बुडाले. त्यावर मिळाले पाच हजार, साधारण साडेतीन टक्के. १८२ दिवसांवर भागले, तर दिवसाला जेमतेम २७ रुपये. अर्धा लिटर दूध आणले की संपले.

सामाजिक सुरक्षा संहितेत असंघटित कामगारांसाठी आरोग्य आणि मातृत्व लाभाच्या योजना केंद्राने आखाव्यात अशी तरतूद आहे. स्वयंरोजगार करणारे कलावंत यात येऊ शकतात. पण तरतूद म्हणजे योजना नव्हे; रक्कम आणि निधी ठरल्याशिवाय हातात काही येत नाही. राज्यात उतारवयातील साहित्यिक-कलावंतांना मानधन देणारी योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. ती आवश्यकच आहे. मात्र कलावंत म्हातारा झाल्यावर आधार लागतो हे सरकारला जितके पटले, तितके कलावंत बाळंतीण झाल्यावरही आधार लागतो हे पटलेले नाही.

आजच्या रॅपर मुलींनी काय पाहावे?

मराठी आणि महाराष्ट्रातल्या हिप हॉपमध्ये स्त्रियांचा आवाज आता ठळक होतो आहे. आदिवासी समाजाचे प्रश्न रॅपमधून मांडणारी माही जी शिक्षणाने इंजिनीअर आहे. मुंबईचा ‘वाइल्ड वाइल्ड विमेन’ हा पूर्णपणे स्त्रियांचा चमू आहे. या पिढीकडे विठाबाईंकडे नव्हती अशी एक गोष्ट आहे, ती म्हणजे स्वतः लिहिलेल्या आणि रेकॉर्ड केलेल्या गाण्यावरचा हक्क.

त्यामुळे काही गोष्टी आत्ताच करण्यासारख्या आहेत. गाणे कंपनीला किंवा स्टुडिओला देताना कागद वाचूनच सही करावी. २०१२ च्या दुरुस्तीनुसार गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने राखलेला आहे. रॅपर स्वतः शब्द लिहिते, म्हणजे ती गीतकारही असते. त्यासाठी आयपीआरएस या संस्थेचे सदस्यत्व घेता येते. कार्यक्रम ठरवताना वैद्यकीय कारणाने तारीख पुढे ढकलता येईल आणि आगाऊ रक्कम बुडणार नाही, एवढे एक वाक्य करारात, निदान लेखी मेसेजमध्ये घालून घ्यावे. ई-श्रम कार्ड काढून ठेवावे. मातृवंदना योजनेच्या पात्रतेसाठी तेही चालते. योजनेचा अर्ज आशाताईंच्या किंवा अंगणवाडीच्या मदतीने भरता येतो.

यातल्या कशानेही १८२ दिवसांचा पगार उभा राहणार नाही. तो उभा करायचा असेल, तर कार्यक्रमांच्या उलाढालीतून थोडा वाटा घेऊन कलावंतांचा कल्याण निधी करणे हा एक मार्ग आहे. बांधकाम मजुरांसाठी बांधकाम खर्चावर एक ते दोन टक्के उपकर घेण्याची सोय १९९६ पासून आहेच. त्यातून चालणाऱ्या मंडळाकडून नोंदणी केलेल्या कामगार स्त्रियांना प्रसूतीसाठी मदतही मिळते. इमारतीसाठी जे जमले, ते मांडवासाठी का जमू नये?

तोवर निदान एक गोष्ट गावाच्या हातात आहे. यंदा यात्रा कमिटीत सुपारी ठरेल तेव्हा लाइट, स्टेज, जेवण यांच्या यादीत आणखी एक ओळ घालता येईल : तान्ह्या मुलांसाठी बंद, स्वच्छ खोली. विठाबाईंचा खेळ थांबवणारे प्रेक्षक मोठ्या मनाचे होते. पण खेळ थांबवायची वेळ येण्याआधीच विचारणारे गाव हवे.